तक्रारदार हजर, पालक हजर

बिस्किटांच्या डब्याला मी काळा दोरा लावतो ही गोष्ट जगात एकाच माणसाला ठाऊक होती, आणि तो माणूस मी होतो. साधा शिवणाचा दोरा. झाकणाच्या फटीत अर्धा आत, अर्धा बाहेर असा दाबून ठेवायचा. कुणी झाकण उघडलं की दोरा पडतो, आणि दोरा होता हेच उघडणाऱ्याला माहीत नसल्यामुळे तो परत लावण्याचा प्रश्नच येत नाही. ही युक्ती मी कुणाला सांगितली नव्हती, कुठे लिहिली नव्हती, स्वतःशी मोठ्याने पुटपुटलोसुद्धा नव्हतो. असं असताना त्या गुरुवारी संध्याकाळी साडेसातला रेडिओतला काका म्हणाला, "डब्याला दोरा लावून ठेवलाय मी! बघतोच आता कोण हात घालतं ते!"

थोरली इस्त्री करत होती. धाकटा नकाशात नद्या रंगवत होता. दोघंही एकाएकी आपापल्या कामात फार गढून गेली. मी चहाचा कप बशीत ठेवला आणि रेडिओकडे बघत राहिलो. मनात पाल चुकचुकली ती तेव्हा.

मी वजनमाप खात्यात निरीक्षक आहे. दुकानात शिरायचं, काटा तपासायचा, वजनांवर चालू सालाचा शिक्का आहे की नाही बघायचं, हे काम मी बावीस वर्षं करतोय. बावीस वर्षांत मी तळाला मेण चिकटवलेली ताटली पाहिली, पोखरलेली वजनं पाहिली आणि काट्यावर नकळत टेकलेले इतके अंगठे पाहिले, की आता नवा माणूस भेटला की मी आधी त्याचा अंगठा कुठे आहे ते बघतो. लोक याला संशयी स्वभाव म्हणतात. लोकांना काय, ते आयुष्यभर किलोला नऊशे ग्रॅम घेऊन खूश असतात. नोकरीला लागलो तेव्हा माझ्या पहिल्या साहेबांनी एकच मंत्र दिला होता: वजन तपासायचं, माल नाही. पोत्यात धान्य आहे की वाळू आहे याच्याशी आपल्याला कर्तव्य नाही. शिक्का, क्रमांक, तारीख बरोबर असली की सही करून पुढच्या दुकानात. हा मंत्र मी घरीही पाळतो, आणि त्याचं फळ काय मिळालं ते पुढे येईलच.

थोरली आणि धाकटा ही माझ्या बहिणीची मुलं. सहा वर्षांपासून माझ्याकडे आहेत. का आहेत ते सांगत नाही, कारण त्यात हसण्यासारखं काही नाही. थोरली सतरा वर्षांची, पुढच्या महिन्यात अठराची होणार. धाकटा बाराचा. मी लग्न केलेलं नाही. आधी एकाही स्थळाची खात्री पटली नाही, आणि नंतर घरात दोन मुलं आल्यावर माझीच खात्री कुणाला पटेना.

आता खरी भीती सांगतो, म्हणजे पुढचं सगळं नीट कळेल. मुलांना एक आत्या आहे. ती दुसऱ्या शहरात मोठ्या घरात राहते आणि दर वर्षी पत्र पाठवते, की मुलांना आता माझ्याकडे पाठवा. दर वर्षी मी सभ्य शब्दांत नाही म्हणतो. यंदा तिने लिहिलं, "मोठी अठराची होतेय. आता तुम्ही नाही आणि मी नाही, तिलाच विचारू." हे पत्र मी वजनांच्या पेटीत, पाच किलोच्या वजनाखाली ठेवलं. त्यानंतर आठवडाभरातच थोरलीच्या नावाने लांबट पांढरी पाकिटं यायला लागली. ती आली की थोरली खोलीत जायची, मागोमाग धाकटा जायचा आणि दार लोटलं जायचं. आत कुजबुज. मग हसू. आत्याने परस्पर संधान बांधलं, हे ओळखायला निरीक्षक असायची गरज नव्हती. दुकानदाराला मी एका दमात दहा प्रश्न विचारतो, पण थोरलीला हा एक प्रश्न विचारायची माझी छाती झाली नाही. ती "हो, जायचंय" म्हणाली असती तर मी काय करणार होतो?

म्हणून मी लक्ष ठेवायचो, इतकंच. रोज सकाळी मुलं निघाली की मी वीस पावलं मागून, तोंडासमोर वर्तमानपत्र धरून निघतो. माझं ऑफिस उलट दिशेला आहे, पण ती गोष्ट वेगळी. सहा वर्षांत मुलांना याचा पत्ता लागलेला नाही. अडचण एकच, माझा डावा गुडघा. तो मध्येच रुसतो आणि वीस पावलांची चाळीस होतात. नशीब असं की थोरलीच्या चपलेचा बंद भिकार आहे. दर कोपऱ्यावर सुटतो. ती वाकून बांधते, तेवढ्यात मी अंतर भरून काढतो. या बंदावरून चपलांच्या दुकानदाराशी माझी चार वेळा भांडणं झाली. तो म्हणतो, "साहेब, बंद उत्तम आहे, ओढून बघा." मी म्हणतो, सगळे लबाड असंच म्हणतात. धाकट्याचंही तेच, त्याच्या हाताला धर नाही. रस्ता ओलांडायच्या आधी त्याची कंपासपेटी हमखास पडते. डॉक्टरांना दाखवलं, ते म्हणाले बोटं ठणठणीत आहेत. मी डॉक्टर बदलणार होतो.

तर, रेडिओ. "आमचे काका" हा कार्यक्रम त्या आधी आठ गुरुवार चालू होता आणि खरं सांगायचं तर मीच तो घरात लावायचो. पुतण्या-पुतणीला सांभाळणारा एक महासंशयी काका, त्याच्या भानगडी. पहिल्याच भागात मी मांडीवर थाप मारून म्हणालो, "हा तर हुबेहूब आपला पोस्टमास्तर!" शेजारचे निवृत्त पोस्टमास्तर म्हणजे पत्राचं पाकीट उजेडासमोर धरून बघणारा माणूस. कार्यक्रम संपला की मी मुद्दाम त्यांच्या दारात जायचो आणि म्हणायचो, "काय काका, आज बरी फजिती झाली तुमची!" ते पोट धरून हसायचे. "हो हो, अगदी मीच तो!" त्यांच्या पत्नी तोंडावर हात ठेवून आत पळायच्या. स्वतःवर इतकं मोकळेपणी हसणारा माणूस मी पाहिला नव्हता, आणि तेव्हाच मला संशय यायला हवा होता.

पण दोरा आला आणि माझे डोळे उघडले. तो काका पोस्टमास्तर नव्हता. तो काका मी होतो! आणि कार्यक्रमाच्या शेवटी निवेदक काय सांगत असे? "लेखन : शेजारी." संपलं. चोर भिंतीपलीकडेच बसला होता आणि मी दर गुरुवारी त्याच्या दारात जाऊन त्याची करमणूक करत होतो.

तुम्ही म्हणाल, मुलांचा संशय कसा नाही आला? अहो, मुलांवर माझा संशय कायमच असतो. बिस्किटं, पेन्सिली, साखर, गणिताचे मार्क. बारीकसारीक गोष्टींत इतका संशय खर्च झाला, की मोठ्या गोष्टीसाठी शिल्लकच राहिला नाही.

पुराव्याशिवाय आरोप करणाऱ्यांतला मी नव्हे. आमच्या खात्यात काट्याची लबाडी पकडायची असेल तर आम्ही त्यावर खुणेचं वजन ठेवतो, म्हणजे ज्याचं खरं वजन फक्त आम्हाला माहीत असतं असं. मी तीन खुणेची वजनं तयार केली. पोस्टमास्तरांना विश्वासात घेऊन सांगितलं, की मी झोपेत कविता म्हणतो. बेकरीवाल्याला सांगितलं, मला मांजराची भीती वाटते. डॉक्टरांना सांगितलं, लहानपणी मी नाटकात राणीचं काम केलं होतं. तिन्ही गोष्टी साफ खोट्या. आता यातली जी रेडिओवर येईल, तो माणूस घरभेदी. जेवताना मी ही योजना मुलांनाही समजावून सांगितली, कारण अशा गोष्टी शाळेत शिकवत नाहीत. थोरलीने दोनदा विचारलं, "मामा, बेकरीवाल्याला मांजरच ना?" मुलीला विषयात गोडी आहे हे बघून मला बरं वाटलं.

पुढच्या गुरुवारी तिन्ही आल्या. झोपेतली कविता, मांजर आणि राणी, याच क्रमाने. वर काका तीन शेजाऱ्यांना तीन थापा मारून येतो आणि पुतणी विचारते, "पण काका, मग खरं कुणाला सांगितलंत?" काका म्हणतो, "खरं मी कुणालाच सांगत नाही. मलासुद्धा नाही!" भिंतीपलीकडून पोस्टमास्तरांचं हसणं ऐकू आलं आणि पाठोपाठ काहीतरी पडल्याचा आवाज. बहुधा तेच.

याचा अर्थ एकच निघत होता: भिंतींना कान होते, तेही विजेवर चालणारे. मी वायरमनला बोलावलं आणि घरात कुठे मायक्रोफोन लपवलाय का ते शोधायला सांगितलं. त्याने माझ्याकडे, मग थोरलीकडे बघितलं. ती म्हणाली, "शोधा हो. त्यांना बरं वाटेल." त्याने पाच तास शोधलं. झरोक्यात पारव्याचं घरटं सापडलं आणि माळ्यावर माझा हरवलेला बूट. जाताना त्याने तारा परत जोडल्या त्या अशा, की स्वयंपाकघरातला दिवा लावला की दाराची घंटा वाजायची. घंटा वाजली की मी दार उघडायला जायचो. दारात कुणी नसायचं. असं दिवसातून सहा-सात वेळा झाल्यावर माझा संशय कमी होणार की वाढणार, तुम्हीच सांगा.

शेवटी मी रेडिओ केंद्रावर तक्रार द्यायला गेलो. लेखकाचं नाव मिळत नाही, तो नियम नाही, तक्रार मात्र घेतात. खिडकीतल्या कारकुनाने माझा चार पानी अर्ज वाचला. वाचताना तो दोनदा हसला, आणि पत्ता वाचतानाही हसला, तिथे तर काही नव्हतं.

"तुमचं म्हणणं, या पात्रामुळे तुमची बदनामी होते?"

"होतेच."

"मग ते पात्र तुम्हीच आहात याचा पुरावा जोडा. दोन प्रतिष्ठित व्यक्तींचे दाखले. तीन प्रतींत."

"कसले दाखले?"

"की सदर गृहस्थ खरोखरच असे आहेत." त्याने अर्जात बोट घालून वाचलं, "दुधाच्या पातेल्यावर पेन्सिलीची खूण करणारे, कॅलेंडर पुढच्या महिन्याचं तर नाही ना हे रोज तपासणारे, आणि इतर. उगाच कुणीही उठून म्हणेल, तो काका मीच. मागच्या महिन्यात तिघं येऊन गेले."

आता आली का पंचाईत! मी तसा नाही म्हणून तक्रार करायची, आणि मी तसाच आहे म्हणून दाखले आणायचे. पण माघार घेणं माझ्या रक्तात नाही. पोस्टमास्तरांचा मला संशय होता, पण प्रतिष्ठित म्हणावं असं गल्लीत दुसरं कुणी नव्हतं, आणि माझ्यासमोर लिहिताना ते चाचरतील असाही एक डाव होता. ते कसले चाचरतात! त्यांनी चष्मा पुसला, शाई भरली आणि दीड पान लिहून दिलं, तेही न अडखळता. मला माहीत नसलेल्या माझ्या सहा सवयी त्यात होत्या. शेवटी ठळक अक्षरात: "वरील सर्व मी स्वतः पाहिलेले असून याहून अधिक हवे असल्यास पुरवणी देण्यास तयार आहे." ऑफिसात साहेबांनी तर दाखला सगळ्यांच्या टेबलांवरून फिरवला, कुणाला काही भर घालायची असल्यास. शिपायानेही दोन ओळी घातल्या. बावीस वर्षांच्या नोकरीत माझ्या एखाद्या कागदावर इतक्या तत्परतेने सह्या झाल्या नव्हत्या. दाखले हातात घेऊन घरी येताना मला एकदा रडूसुद्धा आलं, पण ते मी धुळीवर ढकललं.

तक्रार दाखल झाली. सुनावणी होईपर्यंत कार्यक्रम बंद ठेवल्याचं केंद्राने कळवलं. बारा भाग झाले होते, तेरावा आणि शेवटचा राहिला होता. गुरुवारी साडेसातला रेडिओवर सतारवादन लागलं. मी विजयाने मुलांकडे बघितलं.

थोरली उठून खोलीत गेली. ती जेवायला आली नाही. दुसऱ्या दिवशीही ती ताटात नुसती बोटं फिरवत बसली. धाकट्याने त्या दिवसापासून माझ्याशी बोलताना कामापुरतेच शब्द वापरायला सुरुवात केली. आणखी एक पांढरं पाकीट आलं. या वेळी खोलीतून हसू ऐकू आलं नाही, हुंदका ऐकू आला. मी दाराबाहेर उभा होतो. आत्याकडे जायचं ठरलं, सामान बांधायचा दिवस ठरला आणि आता हिला मला सांगायचं जड जातंय, असं मी समजलो. घर त्या आठवड्यात इतकं शांत होतं, की मी उगाच दिवा लावून घंटा वाजवायचो.

मग माझ्या नावाने एक पांढरं पाकीट आलं. तसंच लांबट. मी आधी शिक्का, क्रमांक आणि तारीख तपासली. शिक्का रेडिओ केंद्राचा होता. आत नोटीस: "आमचे काका या कार्यक्रमाची लेखिका अज्ञान (वय अठरा पूर्ण नसलेली) असल्याने तिचे कायदेशीर पालक या नात्याने आपणांस कळविण्यात येते, की सोबत नाव दिलेल्या तक्रारदाराने सदर लेखनाविरुद्ध तक्रार केली आहे. तरी आपण सुनावणीस लेखिकेसह हजर राहावे." सोबत तक्रारदाराचं नाव होतं. ते माझं होतं. त्याखाली करारपत्राची नक्कल, आणि तिच्यावर पालकाची सही. तीही माझीच.

ती सही कशी झाली ते मला तत्काळ आठवलं. सहा महिन्यांपूर्वी थोरलीने कॉलेजचे म्हणून चार कागद पुढे केले होते. मी प्रत्येकावरचा शिक्का बघितला, क्रमांक बघितला, पानं मोजली आणि सही केली. वजन तपासायचं, माल नाही! काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, इथे तर कळशावर माझी सही होती.

मी नोटीस घेऊन खोलीच्या दारात गेलो. "हे काय आहे?"

थोरलीने वर बघितलं. डोळे सुजलेले होते. "तेरावा भाग झाला असता तर ते मला पुढची मालिका देणार होते, मामा. आता नाही देणार." मग थांबून म्हणाली, "तुला हसवायचं होतं. पहिले आठ भाग तू किती हसलास."

"आणि दोरा?"

धाकट्याने टेबलाचा खण उघडला. आत काळ्या दोऱ्याचं आख्खं रीळ होतं. "तू मध्ये महिनाभर निळा लावायचास. निळा पण आहे."

रागावावं की लाज वाटून घ्यावी हे ठरेना, म्हणून मी दोन्ही केलं, आणि त्या संध्याकाळी मीही जेवलो नाही.

सुनावणीची खोली लहान होती. भिंतींना जाड कापड लावलेलं, म्हणजे आवाज बाहेर जात नाही. बहुतेक रडणाऱ्या लोकांची सोय. टेबलामागे कार्यक्रम अधिकारी बाई, बाजूला तो खिडकीतला कारकून. टेबलासमोर दोन खुर्च्या.

"तक्रारदार?" कारकुनाने पुकारलं.

"हजर," मी म्हणालो आणि डाव्या खुर्चीत बसलो.

"लेखिकेचे पालक?"

"हजर," मी म्हणालो.

बाईंनी चष्मा काढला. "दोन्ही आपणच?"

"हो."

"मग पालक उजव्या खुर्चीत बसतात," कारकून म्हणाला. "नोंद तशी होते."

मी गुडघ्यावर हात ठेवून उठलो आणि उजव्या खुर्चीत गेलो. तिथे गेल्यावर बाईंनी तक्रारदाराला प्रश्न विचारला, म्हणून परत डावीकडे. डावीकडून मी सांगितलं की या लेखनाने एका सभ्य माणसाची चारचौघांत नाचक्की झाली. उजवीकडे गेल्यावर मला विचारण्यात आलं, की यावर पालकांचं काय म्हणणं आहे. मी म्हणालो, पालकांना विचार करायला वेळ हवा. आपलेच दात आणि आपलेच ओठ, चावणार कुणाला? भिंतीलगतच्या बाकावर थोरली मान खाली घालून बसली होती. धाकटा मात्र टेनिसची मॅच बघावी तसा डावी-उजवीकडे मान वळवत होता.

"नियमाप्रमाणे," बाई म्हणाल्या, "न झालेला भाग तक्रारदाराला वाचून दाखवावा लागतो. त्यात आक्षेपार्ह काही आहे का ते त्यांनी सांगायचं. तक्रारदार, डावीकडे बसा."

आणि त्या वाचू लागल्या. तेराव्या भागात काका फारसा बोलतच नव्हता. पुतण्या आणि पुतणी सकाळी शाळेच्या रस्त्याने चाललेली असतात.

"मागे बघू नकोस. आहेत का?"

"आहेत. वर्तमानपत्र उलटं धरलंय."

"आणि गुडघा?"

"आज जास्तच दुखतोय वाटतं. बरेच मागे पडले."

"मग थांबूया."

"थांबूया. पण त्यांना कळता कामा नये हं. आपण हरवू नये म्हणून ते येतात. ते हरवू नयेत म्हणून आपण थांबायचं."

बाईंनी पान खाली ठेवलं. कारकून खिडकीबाहेर बघत होता, आणि त्या खोलीला खिडकी नव्हती.

"तक्रारदाराचं काही म्हणणं?"

मी उठलो आणि उजव्या खुर्चीत जाऊन बसलो. तिथून म्हणालो, "पालकांचं म्हणणं आहे. लिहिलंय त्यातला शब्द न् शब्द खरा आहे. तक्रार मागे घ्यायची आहे."

"मागे घ्यायला," कारकून नाक ओढत म्हणाला, "ते पात्र आपण नाही असा पुरावा लागतो. दोन दाखले."

"तो या गावात मिळणार नाही," मी म्हणालो.

शेवटी बाईंनीच मार्ग काढला. ते पात्र मीच आहे हे तीन प्रतींत सिद्ध झालेलंच होतं, तेव्हा त्या पात्राची हरकत नाही असं मी लिहून दिलं की पुरे. त्यांनी कागद पुढे केला. मी सवयीने शिक्का बघितला, मग थांबलो आणि पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत सगळा कागद वाचला. आयुष्यात पहिल्यांदा मी माल तपासून सही केली. गुरुवारी साडेसातला तेरावा भाग लागणार होता.

बाहेर आल्यावर मी मुलांना म्हटलं, "तुम्ही व्हा पुढे." डोळे पुसायला मला थोडं अंतर हवं होतं. वीस पावलं झाली आणि मी चालायला लागलो. इतका वेळ खुर्च्या बदलल्यामुळे गुडघा पेटला होता, विसाची तीस झाली, तिसाची चाळीस. पहिला कोपरा आला. थोरली थांबली आणि चपलेच्या बंदाशी वाकली.

या वेळी मी नीट बघितलं. बंद सुटलेला नव्हता. तिने तो स्वतःच्या हाताने सोडला, सावकाश परत बांधला, घट्ट आहे का बघितलं आणि पुन्हा सोडला. धाकट्याच्या हातून कंपासपेटी पडली.

सहा वर्षं. त्या दुकानदाराशी मी चार वेळा भांडलो होतो!

मी लंगडत त्यांच्यापाशी पोचलो. म्हणालो, "बंद चांगला आहे."

"चांगलाच आहे," थोरली म्हणाली. "दुकानदार कशाला खोटं बोलेल?"

आता विचारलं नसतं तर कधीच विचारू शकलो नसतो. "आत्याचं एक पत्र आलं होतं..."

"पाच किलोच्या वजनाखाली," धाकटा म्हणाला. "आम्ही कधीच वाचलं."

"मी उत्तरही पाठवलंय," थोरली म्हणाली.

"काय लिहिलंस?"

ती बंद बांधून उभी राहिली. "लिहिलं, की आमच्या मामाला आमच्या मागे मागे चालायची सवय आहे. तुमच्या गावापर्यंत त्याचा गुडघा टिकायचा नाही. म्हणून आम्ही येत नाही."

मला बरंच काही बोलायचं होतं. मी म्हणालो, "तारीख घातलीस ना पत्रावर?"

"घातली, मामा."

मग आम्ही तिघं बरोबरीने चालू लागलो. मला हात कुठे ठेवावेत कळेना, धाकटा अडखळला, थोरलीने दोनदा घसा खाकरला.

"मामा," शेवटी धाकटा म्हणाला, "तू मागे हो ना. बरोबर चालताना काही सुचत नाही."

मी मागे झालो. ती दोघं पुढे गेली, कुजबुज सुरू झाली, मग हसू आलं. वीस पावलं मोजून मी वर्तमानपत्र उघडलं. या खेपेला सुलट धरलं.